लाल चौकोन

शाळेच्या हजेरीपटावर तिचं नाव दुसरंच होतं, पण त्या नावाने तिला हाक मारणारं शाळेत कुणी उरलं नव्हतं. लहान गटातली मुलं तिला चिकटताई म्हणायची. मुलांचं ऐकून त्यांचे आईबाप म्हणू लागले, मग फाटकावरचा राखणदार, आणि शेवटी मोठ्या बाईसुद्धा. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. एकदा त्यांच्या तोंडून नाव निघालं की ते कायमचं.

नाव पडलं तिच्या पहिल्याच दिवशी. लहान गटाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी ही तात्पुरती आली होती. वर्गात नुसता आकांत चालला होता. एकाचं बघून दुसरं, दुसऱ्याचं बघून तिसरं, अशी सगळी पोरं गळा काढून रडत होती. हिने गाणं म्हणून पाहिलं, टाळ्या वाजवून पाहिल्या, शेवटी माकडासारखे गालही फुगवले. आवाज आणखी चढला. मग तिने पिशवीतून एक पातळ फळी काढली. फळीवर राखाडी फेल्ट ताणून बसवलेलं होतं. लोकरीसारखं मऊ, दाबून केलेलं हे जाड कापड असतं, त्याच्या कडा कापल्या तरी धागे निघत नाहीत. त्याच फेल्टचं एक पिवळं बदक तिने कापून आणलं होतं. बदक फळीवर ठेवलं, तळव्याने दाबलं आणि हात काढून घेतला.

बदक पडलं नाही.

पुढच्या रांगेतला एक पठ्ठ्या रडता रडता थांबला. "डिंक लावला?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग?"

"कापड कापडाला धरतं. तू आईला धरतोस ना, तसं."

तो उठला, फळीच्या मागे गेला आणि मागून कुणी हाताने धरलंय का ते नीट पाहून आला. मागे कुणीच नाही हे त्याने वर्गाला जाहीर केलं, आणि वर्ग गप्प झाला. त्या दिवसापासून ती चिकटताई.

कात्री मात्र तिच्या हातात फार आधीपासूनची. तिची आई लोकांचे पडदे आणि उशांचे अभ्रे शिवायची. चिकटताईचं बालपण शिवणयंत्राच्या खाली, पायपट्टीच्या खडखडाटात, चिंध्यांच्या ढिगात गेलं. अभ्यासात ती बेताची होती. कॉलेज अर्ध्यात सुटलं, त्याचं घरात कुणी फार मनावर घेतलं नाही, आणि ते तिला जास्त लागलं. लहान गटाच्या बाई रजेनंतर परतल्याच नाहीत, तेव्हा मोठ्या बाईंनी हिला ठेवून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं की ही हवी आहे.

तेव्हापासून तिने जीव ओतून असे कापडी फळे बनवले. त्यात सगळ्यात गाजला तो आकारांचा आणि रंगांचा. पुठ्ठ्याचे साचे करून तिने तुकडे कापले: लाल गोल, निळे चौकोन, पिवळे त्रिकोण, हिरव्या चांदण्या. एका रंगाच्या कापडावर एकच साचा फिरवला की तुकडे एकमेकांना खेटून बसतात आणि कापड वाया जात नाही, ही तिच्या आईची शिकवण. शिवाय मुलांना आकार आणि रंग दोन्ही एकदमच कळतील, असा तिचा हिशेब. मग तिने चार थैल्या शिवल्या. लाल थैलीवर गोल, निळीवर चौकोन, पिवळीवर त्रिकोण, हिरवीवर चांदणी. खेळ संपला की ती म्हणायची, "चला, घरी पाठवा!" आणि मुलं फळ्यावरचे तुकडे भराभर काढून आपापल्या थैलीत टाकायची. एकही तुकडा चुकत नसे.

हे आवरणं बघण्यासारखं होतं. मोठ्या बाई पाहुण्यांना मुद्दाम त्याच वेळी वर्गाच्या दारात आणून उभं करत. "बघा," त्या हळूच म्हणत, "बोलायचं सुद्धा काम नाही." पाहुणे मान डोलवत. चिकटताई कोपऱ्यात उभी राहून काहीच घडलं नाही असा चेहरा करायची, पण कान गरम व्हायचे. दुसऱ्या शाळेतल्या बायका साचे मागून घेऊन गेल्या. तिने ते खुशीने दिले.

त्या वर्षी वर्गात चिमणी आली. मूठभर देह आणि आवाज मात्र खणखणीत. तिची आई रक्ताच्या तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. घरी चिमणी आजोबांजवळ असायची, आणि आजोबांचा सगळा जीव रेडिओत. त्यामुळे रंगबिंग जे काही शिकायचं ते चिमणी शाळेतच शिकत होती, आणि मनापासून शिकत होती. फळ्यापुढे सगळ्यात आधी तिचा हात वर. पिवळा दाखव म्हटलं की पिवळा, लाल म्हटलं की लाल.

पण फळ्यापासून लांब गेली की गडबड. एकदा अंगणात खेळताना चिकटताई म्हणाली, "चिमणे, तो निळा चेंडू आण बघू." चिमणी धावत गेली आणि लाकडी ठोकळा घेऊन आली. तोही पिवळाधमक.

"अगं, ठोकळा काय आणलास? निळा म्हटलं ना मी?"

"हा निळाच आहे."

पोरं खिदळली. चिमणीने ठोकळा उलटसुलट फिरवून पाहिला आणि पुन्हा ठासून सांगितलं, "निळा आहे, ताई."

असं मग वारंवार होऊ लागलं. हिरव्या ताटलीला ती लाल म्हणाली. पांढऱ्या बशीलाही लाल. जेवणाच्या चौकोनी डब्याला निळा म्हणाली, तो स्टीलचा होता. पोरांना आयतंच सापडलं. त्यांनी खेळच केला: कुठलीही वस्तू चिमणीच्या नाकासमोर धरायची, रंग विचारायचा आणि ती बोलली की लोळण घ्यायची. चिकटताई त्यांना दटावायची. पण तिलाही चिमणीचा राग यायला लागला होता. फळ्यावर बरोबर सांगते ती शेजारच्याचं ऐकून, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. एक दिवस पाहुण्यांसमोरच चिमणीने गोल घड्याळाला लाल म्हटलं, तेव्हा पाहुणे गेल्यावर चिकटताई ओरडली, "लक्ष कुठे असतं गं तुझं? डोळे आहेत की बटणं?"

वर्ग हसला. चिमणी हसली नाही.

संध्याकाळी तिने चिमणीच्या आईला थांबवून घेतलं. "रागावू नका हां, पण हिचे डोळे एकदा तपासून घ्या. रंग कळत नाहीत हिला."

लॅबवाल्या आईचा चेहरा उतरला. "रंग? ताई, आमच्याकडे सगळं रंगावर चालतं हो. रक्ताच्या नळ्या सगळ्या एकसारख्या, टोपणाचा रंग तेवढा वेगळा. तो चुकला की संपलं. आणि माझ्याच पोरीला…"

डोळ्यांच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, डोळे ठणठणीत आहेत. चिकटताईला आता दुसरं काही सुचेना. मग तिने मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन आपलं मत सांगितलं: पोरगी गोड आहे, पण जरा मंद वाटते, अजून एक वर्ष लहान गटातच राहिली तर बरं. मोठ्या बाई म्हणाल्या, "तू म्हणतेस म्हणजे तसंच असणार. वर्ष संपताना आईला बोलावू आणि ठरवू." सगळी मुलं मोठ्या गटात जाणार आणि चिमणी मागे राहणार, हे जवळपास ठरल्यातच जमा झालं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक निळा चौकोन हरवला. नळाच्या जाळीतून गेला की कुणी चघळून टाकला, कळलं नाही. घरी निळं फेल्ट शिल्लक नव्हतं. लालचा तुकडा होता. तात्पुरतं चालवून घेऊ म्हणून चिकटताईने लालमधूनच चौकोन कापला आणि सकाळी फळ्यावर निळ्यांच्या रांगेत दाबून बसवला. सहज, गंमत म्हणून तिने वर्गाला विचारलं, "हा कोणता रंग?"

"निळा!" अर्धा वर्ग एका सुरात ओरडला.

ती हसली. "नीट बघा हं. कोणता?"

"निळा, निळा!"

पुढच्या रांगेतला एकजण चाचरत म्हणाला, "लाल आहे ना?" त्याला बाकीच्यांनी ओरडून खाली बसवलं. "चौकोन आहे तो! येडा!"

चिकटताईचं हसू तोंडातच राहिलं. तिने फळ्याकडे पाहिलं, जणू तो फळा दुसऱ्याच कुणी बनवला होता. लाल तेवढे गोल. गोल तेवढे लाल. या फळ्यावर तिने आजवर एकदाही लाल चौकोन दाखवला नव्हता. निळा गोल दाखवला नव्हता. मग 'लाल' म्हणजे नेमकं काय, ते पोरांना कळायचं कसं? ज्यांना घरी कुणी लाल फुगा, लाल बस दाखवली होती, ती पोरं फळ्यापुढे एक बोलायची आणि बाहेर दुसरं. आणि जिला घरी कुणी दाखवलं नव्हतं, तिने ताईने शिकवलं तेच खरं मानलं होतं. ताटली लाल, बशी लाल, घड्याळ लाल. ठोकळा निळा, डबा निळा. एकही उत्तर चुकलेलं नव्हतं. सबंध वर्गात सगळ्यात चोख शिकली होती ती चिमणी.

आणि त्या थैल्या! तुकडा रंग बघून टाका की आकार बघून, तो जायचा त्याच थैलीत. मुलांना काय येतं आणि काय येत नाही, ते त्या थैल्यांमधून कधी कळूच शकत नव्हतं. पाहुण्यांनी ज्याला माना डोलवल्या ते हे.

तिने चिमणीकडे पाहिलं. चिमणीचा हात वर नव्हता. तो आता बरेच दिवस वर होत नव्हता, हेही चिकटताईच्या तेव्हा लक्षात आलं.

त्याच वेळी उठून मोठ्या बाईंकडे जाता आलं असतं. ती गेली नाही. शाळा सुटल्यावर ती निळं फेल्ट विकत घेऊन घरी गेली, जेवणाच्या टेबलावर सगळी फेल्टं पसरली आणि नवीन तुकडे कापायला बसली. सगळे आकार, सगळ्या रंगांत. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून आला आणि खुर्ची शोधू लागला.

"आज जेवण फळ्यावर चिकटवून का?"

"सरक जरा."

"जुने काय वाईट होते? तू तर म्हणायचीस, असे कुणाकडेच नाहीत."

"विटले होते," ती म्हणाली. त्याच्याकडे न बघता म्हणाली. मुलांना हळूहळू कळेल, चिमणीलाही कळेल, मग आपण सांगू की पोरगी सुधारली. कुणाला काही बोलायची गरजच पडणार नाही. अशी सगळी घडी तिने मनात घालून ठेवली होती, आणि ती इतकी व्यवस्थित होती की तिचं तिलाच किळसवाणं वाटलं. तरीही ती कापत राहिली.

नव्या तुकड्यांनी वर्गात धुमाकूळ घातला. "घरी पाठवा!" म्हटल्यावर एकजण हिरवा गोल लाल थैलीत कोंबतो, कारण थैलीवर गोल आहे; दुसरा तो उपसून हिरव्या थैलीत घालतो; तिसरा मध्येच रडायला लागतो. मोठ्या बाई दारात येऊन थबकल्या. "काय गं, तुझ्या वर्गाला दृष्ट लागली की काय?"

"नवीन आहे ना, बसेल हळूहळू," चिकटताई म्हणाली.

बाकीची मुलं खरोखरच सावरली. लाल फुग्याची, लाल बसची ओळख होतीच त्यांना. चिमणी सावरली नाही. चिकटताई तिला जवळ घेऊन गोडीने विचारायची, "हा कोणता गं रंग?" चिमणी तुकड्याकडे बघायचीही नाही. बघायची ती ताईच्या चेहऱ्याकडे, आणि म्हणायची, "माहीत नाही."

"बरं, आकार कोणता?"

"माहीत नाही."

"आकाश कोणत्या रंगाचं?"

"मला काहीच माहीत नाही, ताई."

एका संध्याकाळी तिची आई फाटकापाशी भेटली. लॅबमधून थेट आलेली, डोळ्यांखाली काळं. "ताई, मी रोज करून घेते हिच्याकडून. भाजी, कपडे, बाटल्यांची टोपणं, सगळं दाखवते. बोलतच नाही. परवा माझा तोल गेला हो. हात उचलला मी." तिने पदर नसलेल्या खांद्यावर उगीच हात फिरवला. "नशीब, तुम्ही वेळेवर सांगितलंत. नाहीतर आम्हाला कळलंही नसतं."

आत्ताच सांगून टाकावं, असं चिकटताईच्या मनात आलं. पण ती म्हणाली, "होईल हो सगळं नीट." आणि आत वळली. वर्गात जाऊन तिने दार लावून घेतलं आणि मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसून राहिली. गुडघे हनुवटीला लागत होते. आपण कुणाच्या नजरेला पडू नये, एवढंच तिला वाटत होतं, आणि समोर भिंतीवर तिचेच फळे ओळीने लावलेले होते.

वर्ष संपताना ठरल्याप्रमाणे मोठ्या बाईंनी आईला बोलावलं. चिमणी आईच्या बोटाला धरून आली. मोठ्या बाईंनी चष्मा पुसला आणि सुरुवात केली. "हे बघा, एक वर्ष मागे राहणं म्हणजे काही आकाश कोसळत नाही. आमच्या चिकटताईंचं मत असं की…"

"माझं मत चुकलं होतं," चिकटताई म्हणाली.

मोठ्या बाईंनी चष्मा घातला.

तिने जुने तुकडे बरोबर आणले होते. ते तिने टेबलावर काढले, आणि सवयीने चिमणीकडे वळली. "चिमणे, यातला…" चिमणी आईच्या मागे सरकली. नुसते डोळे दिसत राहिले. चिकटताईचा हात तसाच थांबला. हिची अजून एक परीक्षा घ्यायला निघाले होते मी, तिच्या मनात आलं. तिने तुकडे चिमणीपासून बाजूला ओढले आणि मोठ्या बाई आणि आईसमोर मांडले.

"हे बघा. लाल फक्त गोल आहेत. निळे फक्त चौकोन. वर्षभर मी हेच शिकवलं. गोलाला लाल म्हणतात, असंच हिला वाटणार. ताटलीला ती लाल म्हणाली ते म्हणून. डोळ्यांत दोष नव्हता, डोक्यातही नव्हता. मी शिकवलं तेच ती बोलत होती."

"असं कसं होईल?" मोठ्या बाई म्हणाल्या. "इतक्या लोकांनी पाहिलाय तो फळा. मी स्वतः…" आणि मग त्यांनी एक गोल उचलला, एक चौकोन उचलला, आणि त्या पुढे बोलल्या नाहीत.

आईने तुकड्यांना हात लावला नाही. "हे तुम्हाला कधी कळलं?"

चिकटताईला हाच प्रश्न नको होता. "फाटकापाशी भेटलात, त्याच्या आधी."

"आधी?"

"हो."

"मी तुम्हाला सांगितलं, हात उचलला म्हणून. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही म्हणालात, होईल हो सगळं नीट."

  चिकटताईचे कान गरम झाले होते. मोठ्या बाई घाईघाईने म्हणाल्या, "चिमणी मोठ्या गटात जाईल. सगळ्यांबरोबर. तो प्रश्नच नाही आता." आईने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

चिकटताई खाली बसली, चिमणीच्या उंचीला. "चिमणे, तू बरोबर होतीस. ताई चुकली. चूक माझी होती, तुझी नाही. मी तुला उगाच ओरडले."

चिमणीने यावर बराच विचार केला. आईचा ड्रेस एका मुठीतून दुसऱ्या मुठीत घेतला. मग बऱ्याच दिवसांनी तिचा तो खणखणीत आवाज निघाला.

"मग ताई, तुला कोण ओरडलं?"

"मला?" चिकटताई अडखळली. "मला कुणी नाही ओरडलं."

चिमणीला हे अजिबात पटलं नाही. तिने खोलीत नजर फिरवली आणि त्यातल्या त्यात योग्य माणूस निवडला. "मोठ्या बाई, तुम्ही ओरडा ना ताईला."

मोठ्या बाई खोकल्या. टेबलावरची टाचण्यांची डबी त्यांनी इकडची तिकडे केली. "बरं हं," त्या म्हणाल्या. "नंतर."

"आत्ता," चिमणी म्हणाली.

कुणी हसलं नाही. चिकटताई तशीच खाली बसून होती, आणि खरंच कुणीतरी ओरडावं असं तिला वाटत होतं. आईने चिमणीला कडेवर उचललं, पिशवी खांद्यावर घेतली आणि दारापर्यंत गेली. तिथे ती थांबली.

"मोठ्या गटातही तुम्हीच बनवलेले फळे असतात?"

"असतात."

"मग ते मुलांना दाखवायच्या आधी मला दाखवायचे. एकेक तुकडा." ती 'ताई' म्हणाली नाही.

"दाखवते," चिकटताई म्हणाली. तिला मान वर करता आली नाही.

आई निघाली. तिच्या खांद्यावरून चिमणी मात्र वाकून वाकून मागे बघत होती, मोठ्या बाई आता तरी ओरडतात का ते.